रावबहादुरांची उलटतपासणी

दीपकचा फोन आला तेव्हा विमल भेंडी पुसत बसली होती. दीपक म्हणजे वकील संघाचा चिटणीस, वयानं तिच्या मुलाएवढा. काही मागायचं असलं की आधी तब्येत विचारायची त्याची सवय. आजही त्यानं तब्येत विचारली, डावा गुडघा विचारला, मग हळूच म्हणाला, "मॅडम, शनिवारी अकराला बाररूममध्ये तैलचित्राचं अनावरण ठेवलंय. रावबहादूर श्रीपादराव निमगावकर. आपल्या इंदापूर तालुक्यातलेच. त्यांचे पणतू पुण्याहून येतायत, सगळे जुने लॉ रिपोर्ट आपल्या लायब्ररीला देतायत. रावबहादुरांच्या कारकिर्दीवर तुम्हीच बोलायचं. तुम्ही स्वतः अठरा वर्षं सरकारी वकील. तुमच्याइतकं सिनियर आता राहिलंय कोण?" विमलच्या एका हातात भेंडी, दुसऱ्या हातात फडकं. कानाची पाळी फोनला दाबून दाबून गरम झाली होती. ते नाव तिनं इतकी वर्षं मनातल्या मनात इतक्या वेळा घेतलं होतं, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर कुणीतरी आपला खण उघडून बघितला असं तिला वाटलं. "बोलते की," ती म्हणाली. "अगदी सविस्तर बोलते." दीपक खूश झाला आणि त्यानं गुडघ्यावर लावायला एक तेल सुचवलं.

फोन ठेवला आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला हसू येतंय. बरं हसू नव्हे ते. आरशात बघितलं असतं तर तिचं तिलाच आवडलं नसतं. बाररूममधल्या एकालाही ठाऊक नव्हतं, की कारकिर्दीवर बोलायला आपण कुणाला बोलावतोय. त्यांच्या लेखी ती ॲडव्होकेट विमल शिंगटे, बारामतीची, कडक बाई. माहेरचं कुणी विचारत नाही, आणि तिनंही कधी सांगितलं नाही. निमगावकरांची कारकीर्द मात्र तिला तोंडपाठ होती. कुळकर्ण्याचा मुलगा, इंदापुरात मराठी शाळा, पुढं पुण्यात शिष्यवृत्तीवर शिक्षण, वकिली, मग जिल्ह्याचा सरकारी वकील, मग मुंबईला बढती आणि शेवटी थेट सरकारचा कायदा सल्लागार. त्याची टिपणी असल्याशिवाय साहेबलोकांची फाइल पुढं सरकत नव्हती म्हणतात. कुठल्या साली कुठली बढती, रावबहादुरी कधी मिळाली, पेन्शन कधी लागली, सगळं तिनं जमवलं होतं. लोक मुलीसाठी स्थळाची माहिती काढतात तशी तिनं या माणसाची माहिती काढली होती, अडतीस वर्षं. वाढदिवसाची तारीखसुद्धा ठाऊक होती. त्या तारखेला ती दरवर्षी कारण नसताना कुणावर तरी खेकसायची.

आजोबा, म्हणजे रामहरी, त्याला नुसतं शिरपाद वकील म्हणायचे. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये बाहेरच्या पडवीत त्यांची खाट असायची. कारखान्याचा भोंगा झाला, वडील कामावर गेले, की आजोबा बोलायला लागायचे, आणि सात-आठ वर्षांची विमल खाटेच्या काठावर बसून पाय हलवत ऐकायची. शेळगावची पाटीलकी त्यांच्या घरात होती. आजोबांचे वडील बिरदेव पाटील यांची पहिली बायको गेली, तेव्हा त्यांनी बनाबाईशी पाट लावला. बनाबाई तरुणपणीच विधवा झालेली. पाट म्हणजे अशा बाईचं दुसरं लग्न. आपल्या लोकांत राजरोस चालणारं, पण त्याची रीत वेगळी. वाजंत्री नाही, मांडव नाही. दिवस मावळल्यावर, घराच्या आतल्या सोप्यात. सवाष्णींनी तिकडं फिरकायचं नाही. जे दोन-चार लोक हजर राहतील त्यांनी गाठ बांधताना तोंड भिंतीकडं करायचं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या जोडप्याचं तोंड कुणी बघायचं नाही. बघितलं तर बघणाराचं वाईट होतं म्हणे. सकाळ झाली की बाई पाणी भरायला बाहेर पडते, आणि मग ती साऱ्या गावाच्या लेखी त्या घरची. पाट लागला एकोणीसशे दहा साली, रामहरी जन्मले बारा साली, बिरदेव पाटील गेले पंचवीस साली. आणि मग कुणा कारकुनाच्या डोक्यात आलं की औरस वारस नसेल तर पाटीलकीची वतनी जमीन सरकारजमा होते. दावा उभा राहिला. सरकारच्या बाजूनं आला शिरपाद वकील. "लई गोड बोलायचा," आजोबा सांगायचे. "माझ्या आयला 'अहो बाई' म्हनायचा. आवाज चढिवला न्हाय त्यानं. मला वाटलं, हा चांगला मानूस हाय." तेव्हा रामहरी पंधरा वर्षांचे होते, आणि कोर्टाच्या दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं.

काय ऐकलं हे आजोबा कधी पुरं सांगत नसत. अर्ध्यावर येऊन थांबायचे आणि पडवीच्या खाली थुंकायचे. ते पुरं तिला कळलं पुण्यात, लॉच्या दुसऱ्या वर्षाला. हिंदू कायद्याचा तास. शिकवणारे सर मोठे गमत्ये. विवाहाचा पुरावा शिकवताना म्हणाले, आता एक मजेशीर खटला सांगतो. चार साक्षीदार. चौघंही म्हणतात, आम्ही पाटाला हजर होतो. वकील विचारतो, शेला पांघरताना पाहिलंत? नाही. गाठ बांधताना? नाही. मग तुम्ही करत काय होता? साहेब, आम्ही भिंतीकडं बघत होतो! आणि सरांनी फळ्याकडं तोंड करून, दोन्ही हात मांडीवर ठेवल्यासारखे करून दाखवले. सगळा वर्ग फुटला. विमलही हसली. चांगली खदखदून हसली, शेजारच्या मुलीच्या खांद्यावर डोकं टेकून. मग सरांनी वळून नाव वाचलं, रामहरी बिरदेव विरुद्ध सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे सरकार, मौजे शेळगाव, तालुका इंदापूर. विमलचं तोंड तसंच उघडं राहिलं. सर पुढं वाचत होते की सबब विवाह शाबीत नाही, बनाबाई ही मयताची ठेवलेली बाई होय, आणि वादी हा तिचा अनौरस मुलगा. शेजारची मुलगी अजून हसत होती. विमलला आपल्या हसण्याची चव तोंडात लागत होती, आणि ती आजतागायत गेली नाही. तिनं पुढं पुष्कळांचे दावे जिंकले, पुष्कळांना कोठडीत पाठवलं, पण त्या दिवशी आपण आपल्याच पणजीला हसलो हे तिला कुणाच्या माथी मारता येईना. म्हणून तिनं ते शिरपाद वकिलाच्या माथी मारलं. त्याच्यावर तसंही पुष्कळ होतं.

खरा राग कुठं होता ते तिला नंतर नीट कळलं, सनद मिळाल्यावर, जुन्या साक्षींच्या नकला मिळवल्यावर. साहेब न्यायाधीश परका होता, त्याला काय कळणार भिंतीकडं का बसतात ते? पण निमगावकर इंदापूरचा होता. कुळकर्ण्याच्या घरात वाढलेला. गावोगावचे पाट त्याच्या बापाच्या दप्तराशेजारी लागलेले. ही रीत त्याला आपल्या जानव्याइतकी ठाऊक होती. म्हणूनच तर त्याला नेमका प्रश्न सुचला. साक्षीदार खोटं बोलतील तर दावा हरू, खरं बोलतील तर जिंकू, हे त्यानं ओळखलं, आणि ही माणसं खरंच बोलणार हेही ओळखलं. साहेबाला त्यानं एका शब्दानं सांगितलं नाही की हुजूर, यांच्यात बघत नाहीत. त्या एका गप्प राहण्यावर तो मुंबईला गेला. निकाल वर कायम झाला, पुस्तकात छापला गेला, आणि पुढं पन्नास-साठ वर्षं कुणाही बाईला पाटावरून घराबाहेर काढायचं असलं की वकील तो निकाल काढून दाखवत राहिले. आणि खरं सांगायचं तर विमलचा राग त्या चौघांवरही होता. दोघी विधवा जावा, एक दीर, एक शेजारी. गाठ बांधणारा म्हातारा आधीच वारला होता. "पाह्यला" एवढा एक शब्द म्हणायला काय झालं होतं? बाहेर येऊन देवापुढं नाक घासलं असतं. पण नाही, हात वर करून शपथ घेतली होती ना. विमलनं स्वतः अठरा वर्षांत एकही पढवलेला साक्षीदार उभा केला नाही. पोलिस आणायचे, ती दारातून परत पाठवायची. त्या चौघांचा खरेपणा आपल्यात उतरल्याचा तिला अभिमान वाटे आणि त्याच खरेपणाची चीडही येई.

गुरुवारी ती शेळगावला गेली. संभाजीआबांना न सांगता हे करणं तिला जमलं नसतं. आबा म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, आता त्या पिढीतले एकटेच. ओट्यावर बसून मक्याची कणसं सोलत होते. तिनं सांगितलं, शनिवारी काय करणार ते. आबांनी हातातलं कणीस पुरं सोललं, मग बोलले.

"कशाला उकरतीस?"

"आबा, त्याचं चित्र लावतायत. हार घालून. खाली मी रोज उभं राहायचं?"

"नगं उभी राहू. रिटायर झालीस न्हवं? घरी बस की."

"त्यानं तुमच्या आजीला काय म्हटलंय ठाऊक आहे ना? पुस्तकात छापलंय."

"मला इचारतीस व्हय?" आबांचा आवाज एकदम चिरकला. "बेंदराला आमचं बैल वेशीत पयलं जायाचं. निकाल लागला आन् दादांनी, तुझ्या आजानं, बैल घराभाईर काढला न्हाय. पुढं कंदीच न्हाय. म्या तिच्या मांडीवर वाढलोय, विमल. म्हातारी मरस्तवर पान्याला उलटा वळसा घालून जायाची, चावडीम्होरनं न्हाय. तू पुस्तकं वाचलीस. म्या तिला बघितलीय." मग खाली बघून म्हणाले, "आमची ओवी. तिचं ठरत आलंय. निमगावचंच घर हाय. तू तितं माईकवर बोलनार, आन् त्ये कुनीतरी मोबाइलवर धाडनार. सोयरं काय म्हनत्याल?"

ओवी त्यांची नात, दारात उभी राहून ऐकत होती. विमलला वाटलं तिला विचारावं, पण विचारलं असतं आणि ती नको म्हणाली असती तर? विमलनं विचारलं नाही. हे तिनं मुद्दाम केलं आणि मुद्दाम केलं हेही तिला कळत होतं. सूड घ्यायचा तर घरातल्या कुणाच्या तरी पायावर धोंडा पडणारच, असं तिनं मनाशी म्हटलं, आणि गाडीत बसल्यावर तेच पुन्हा म्हटलं. शेळगावचा फाटा मागं गेला, दोन्ही बाजूंना ऊस, मग पोल्ट्र्या, मग बारामतीची हद्द, आणि इतक्या वाटेत तिला एकदाही माघार घ्यावीशी वाटली नाही. आबांचं खरं होतं. ओवीचं लग्न मोडू शकतं. निमगावकर मरून साठ वर्षं झाली, त्याच्या हाडांना काही होणार नव्हतं. पण त्याचा पणतू होता. जिवंत, इस्त्रीच्या शर्टातला. त्याला त्याच दारातून आत आणायचं, तेच प्रश्न विचारायचे, तशाच गोड आवाजात. रात्री तिनं ते प्रश्न पाटीवरच्या पाढ्यांसारखे घोकले आणि छान झोपली.

शनिवारी बाररूम भरलेली. पन्नासेक वकील, दोन न्यायाधीश, पुढच्या खुर्च्यांवर निमगावकर मंडळी. अनय निमगावकर पन्नाशीचा, चष्मेवाला, सारखा स्वतःहून उठून दुसऱ्याला खुर्ची देणारा. त्याच्यासोबत त्याची आई, कुमुदिनीबाई, रावबहादुरांची नातसून, ऐंशीच्या पुढची, मांडीवर पर्स घट्ट धरून. अनयनं वाकून विमलला नमस्कार केला, आणि तो बरा माणूस आहे हे तिला तिथल्या तिथं कळलं. तिला त्याचा रागच आला. वाईट असता तर काम सोपं होतं. पडदा बाजूला झाला. पगडी, उपरणं, बारीक डोळे. चेहरा सौम्य होता, आजोबा सांगायचे तसाच. विमल बोलायला उठली. पंचवीस मिनिटं तिनं कारकीर्द सांगितली, एकही तारीख न चुकता, कागद न बघता. लोक माना डोलवत होते. मग ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "अनयराव, जरा इकडं येता? दोन-तीन प्रश्न आहेत." तो हसत आला.

"तुमच्या पणजोबांचं, रावबहादुरांचं, लग्न झालं होतं का हो?"

हॉलमध्ये हशा पिकला. अनयही हसला. "झालंच असणार, मॅडम."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी? नाही."

"पाहिलेलं कुणी हयात आहे?"

"नाही, कसं असेल?"

"कुठं नोंद?"

"त्या काळी नोंदी कुठं असायच्या?"

"मग झालं म्हणता ते कशावरून?"

"अहो, सगळ्यांना माहीत होतं की."

"सगळ्यांना माहीत असणं म्हणजे पुरावा नाही, अनयराव. हे माझं म्हणणं नाही. तुमच्या पणजोबांनी सत्तावीस साली जिल्हा कोर्टात सांगितलंय, आणि कोर्टानं ते मान्य केलंय." तिचा आवाज तिला हवा तसाच लागला होता, मऊ, साखर घातलेला. "तेव्हा लग्न शाबीत नाही. मग तुमचे आजोबा कोण झाले?"

आता कुणी हसत नव्हतं. दीपक अर्धवट उठला, बसला. अनयचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला, आणि विमलला जी गोडी वाटली ती तिनं लपवली नाही. चांगली चघळली. मग तिनं सगळं सांगितलं. दहा सालचा पाट, भिंत, चौघे साक्षीदार, ठाऊक असून गप्प राहिलेला वकील. "पुस्तकात जिला ठेवलेली बाई म्हटलंय, त्या बनाबाईची मी पणती. तुम्ही सगळ्यांनी तो निकाल वाचलाय. हसलाही असाल." हे म्हणताना तिला दाराशी काहीतरी हललेलं दिसलं. धोतर, पांढरा फेटा, काठी. संभाजीआबा. कधी आले होते कोण जाणे. मागच्या भिंतीला टेकून उभे होते, आणि त्यांची नजर तिच्यावर नव्हती, चित्रावर होती. झालं, विमलला वाटलं, आता हे सगळ्यांसमोर मला गप्प करणार.

पण आधी कुमुदिनीबाई बोलल्या. बसल्या जागेवरूनच, पर्स धरूनच. "अनय, तू बस रे. ताई, मी त्या घरात साठ साली आले. तीन वर्षं त्यांचं केलं मी. दुधावरची साय कमी झाली तरी असंच विचारायचे हो. 'बाई, आपण तेव्हा कुठे होता? बाई, आपण पाहिलंत का?' आवाज न चढवता. मी रडत नव्हते म्हणून आणखी विचारायचे." विमलला काय वाटावं ते कळेना. इतकी वर्षं धार लावून आणलेली गोष्ट, आणि समोरची बाई मान पुढं करून स्वतःच म्हणत होती की बाई गं, मलाही. म्हातारीनं चष्मा पुसला आणि अगदी साध्या, घरच्या आवाजात विचारलं, "पण मग खरं काय होतं? लागला होता ना पाट? कुणी एकानं तरी पाहिला असेलच की."

वाईट मनानं विचारलं नव्हतं. तिला हो ऐकायचं होतं, बस. सगळ्या हॉलला ऐकायचं होतं. आणि विमलपाशी उत्तर होतं. नेमकं, अभ्यासलेलं, अडतीस वर्षं घासूनपुसून ठेवलेलं उत्तर, की बाई, रीतच अशी की कुणी बघत नाही, आणि न बघणं हाच तिथं पुरावा. खरं उत्तर. त्या चौघांनीही खरंच उत्तर दिलं होतं. तिच्या डोळ्यांपुढं ते चौघं आले, पाठमोरे, मांडीवर हात ठेवलेले, आणि सरांचा वर्ग आला, आणि खांद्यावर डोकं टेकून हसणारी ती स्वतः. आता हे पुन्हा सांगितलं की लोक समजूतदारपणे मान हलवतील. अरेरे म्हणतील. एखादा तरुण वकील यावर लेख लिहील. आणि बनाबाई तशीच राहील, कुणी न पाहिलेली.

"पाहिला होता," विमल म्हणाली. "सगळ्या गावानं पाहिला. भरदुपारी लागला. मांडव घातला होता. आमच्या घरच्या सवाष्णींनी तिला हळद लावली." शब्द कुठं अडले नाहीत. आयुष्यातली पहिली खोटी साक्ष, आणि तीही दोन न्यायाधीशांसमोर. तिला शरम वाटली नाही. आनंद झाला. कोर्टात तेव्हा कुणीच असं का बोललं नाही, हे कुणीतरी आता विचारेल, असं तिला वाटलं. विचारू दे.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. सगळे वळले. आबा भिंतीपासून पुढं सरकले होते. फेटा सरळ केला त्यांनी, आणि चित्राकडं बघतच, चावडीवर बोलावं तसं मोठ्यांदा बोलले, "म्या बी पाह्यला. म्होरंच उभा व्हतो. नाव लिवून घ्या, संभाजी रामहरी, मुक्काम शेळगाव."

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटून मान हलवली, म्हणाल्या, "असणारच की हो." आबांचा जन्म बेचाळीस सालचा. पाट लागला दहा साली, हे विमलनं दहा मिनिटांपूर्वीच सगळ्यांना सांगितलं होतं. हॉलमध्ये पन्नास वकील बसले होते. एकानंही उलट प्रश्न विचारला नाही.